ढिल्या स्क्रूचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. अंगणात, नळाशेजारी, माझी पंचवीस वर्षं गेली. मित्रांनो, मी तक्रारखोर नाही. पण आता सांगितल्यावाचून राहवत नाही.

एका निगुतीच्या सुतारानं मला सागवानातून घडवलं. प्रत्येक स्क्रूसाठी त्यानं आधी बारीक भोक पाडलं, मगच स्क्रू बसवला. आजी-आजोबा माझ्यावर बसून मटार सोलत. "असा बाक शोधून सापडायचा नाही," आजोबा पाहुण्यांना सांगत. मी सुखावून जाई.

पुढे पाणी मुरलं. माझ्या उजव्या हाताचं, म्हणजे टेकायच्या दांडीचं, भोक रुंदावलं, स्क्रू ढिला झाला. आजोबा दर रविवारी येऊन तो पिळू लागले. अहो, धरायला आत लाकूडच उरलं नव्हतं! स्क्रू नुसता गरगर फिरे. मग त्यांनी जाड स्क्रू घातला, तोही हातोडीनं ठोकून! मला चीर गेली. भोकात कागद कोंबला, त्याचा लगदा झाला. शेवटी तार गुंडाळली.

"अहो, सुताराला बोलवा," आजी कितीदा म्हणाली.

"एवढ्याशा स्क्रूला सुतार कशाला? मी आहे ना!"

हेच तर माझं दुखणं होतं.

आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उठताना ती माझ्या हातावर भार देई. एका सकाळी तो हात निखळला. आजी फरशीवर आपटली, तिचं मनगट मोडलं. मला ओरडतासुद्धा आलं नाही.

मुलगा म्हणाला, "फोडून टाका हा बाक." पण बोटी दुरुस्त करणारी लेक आली होती. तिनं भोकातलं कुजकं लाकूड खरवडलं, मला दोन दिवस सुकवलं. भोक ड्रिलनं साफ करून पाण्याला दाद न देणारा डिंक लावला आणि लाकडी खुंटी ठोकली. डिंक वाळल्यावर खुंटीत नवं बारीक भोक पाडून न गंजणारा स्क्रू बसवला.

"अजून जरा पिळू का?" आजोबांनी विचारलं.

"बाबा, हात लावून तर बघा!"

आजी प्लास्टरमधला हात सांभाळत आली. "आधी तुम्ही बसा," ती म्हणाली. आजोबा बसले, सगळा भार माझ्या हातावर टाकून उठले. मग खालच्या मानेनं म्हणाले, "चुकलंच माझं. तुझं ऐकायला हवं होतं."

आजी बसली.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादा बाक डुगडुगत असेल. त्याला नीट दुरुस्त करा. कुणाचं तरी मनगट मोडेपर्यंत थांबू नका!