एक मुलगी जास्त

“अकराच भरतात, बाई. मी दोनदा मोजल्या.”

मुख्याध्यापिका वर्गाच्या दारात उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या. आत मुली वह्यांत डोकी खुपसून बसल्या होत्या, पण कान सगळ्यांचे दाराकडे होते. गणिताच्या बाईंनी खडू खाली ठेवला आणि भिंतीकडच्या बाकापासून खिडकीकडच्या बाकापर्यंत नजर फिरवली. त्यांचे ओठ किंचित हलले.

“बारा आहेत की.”

“मोठ्यानं मोजा बरं.”

बाईंनी बोट उचललं. एक, दोन, तीन करत बोट शेवटच्या बाकाच्या खिडकीकडच्या टोकाशी पोचलं आणि तिथेच अडलं. तिथे कुणी नव्हतं. लाकडावर दुपारचं ऊन पडलं होतं, एवढंच. पण आत्ताच, मनातल्या मनात मोजताना, तिथे कुणीतरी मान खाली घालून लिहीत होतं. दोन वेण्या, मधोमध सरळ भांग. बाईंनी बोट खाली घेतलं.

“अकरा,” त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापिका याच शाळेत, याच बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांना धड रागावताही येईना. “सोमवारी साहेब येणार आहेत तपासणीला. ते स्वतः मोजतात, कुणाचं ऐकत नाहीत. बाराला एक जरी कमी भरली तर उच्च गणिताचा वर्ग बंद. मग या सगळ्यांना घरगुती गणितात बसवायचं आणि पुढच्या शिक्षणाची दारं लावून घ्यायची. तुमच्या भरवशावर मी वर बारा कळवून बसले हो!”

बाईंची ही खोड शाळेत जुनी होती. मोजताना एक मुलगी जास्त. एकदा सहलीला निघालेली बस त्यांनी ताटकळत ठेवली होती, अजून एक मुलगी यायची आहे म्हणून. परीक्षेला प्रश्नपत्रिका नेहमी एक जास्त मागायच्या. शिक्षकांच्या खोलीत यावरून हसून हसून पुरेवाट व्हायची. गणिताच्या बाई आणि मोजण्यात कच्च्या! बाईसुद्धा त्या हसण्यात सामील व्हायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं तोवर हसायला काय जातं? पण गेल्या आठवड्यात घड्याळवाल्याच्या मुलीने वर्ग सोडला, तेव्हा बाई निश्चिंत राहिल्या त्या या खोडीमुळेच. त्यांच्या हिशेबी तेरातली एक गेली होती आणि बारा उरत होत्या.

शाळा सुटल्यावर त्या वर्गातच बसून राहिल्या. शिपाईण मावशी झाडू घेऊन आत आली आणि त्यांना बघून दचकली.

“अगं बाई! घाबरवलंत की.”

“मावशी, त्या खिडकीच्या बाकावर तुम्हाला कधी कुणी दिसलंय?”

मावशीने झाडूवर हात टेकून बाकाकडे बघितलं. “मला तर सगळ्याच बाकांवर दिसतात. इतक्या पोरी बसून गेल्यात, रिकामं असं वाटतच नाही. तुम्ही घरी जा बघू. तोंड किती उतरलंय.”

बाई घरी गेल्या नाहीत. मावशी केर काढून गेली तरी त्या त्याच बाकाकडे बघत राहिल्या. आत्ता तिथे कुणीच नव्हतं. रोखून बघितलं की ती कधीच नसायची. मोजताना तेवढी असायची.

बाईंची ताई त्यांच्याहून बरीच मोठी. ती याच शाळेत होती तेव्हा शाळेतल्या शिक्षिका शिवण शिकवायच्या, वाचन घ्यायच्या. गणित बायकांच्या डोक्याला झेपत नाही यावर सगळ्यांचं एकमत होतं, बायकांचंसुद्धा. मुलांच्या शाळेतले एक मास्तर येऊन गणित शिकवून जायचे. ते मुलींकडे बघत नसत. फळ्याला शिकवायचे आणि फळ्यालाच विचारायचे, समजलं का? फळ्याला काय समजायचं ते समजो, ताईला सगळं समजायचं. घरी आली की ती मागच्या फरशीवर कोळशाने वर्तुळं काढायची आणि धाकटीला पुढ्यात बसवून एकेक प्रमेय सिद्ध करून दाखवायची.

“मास्तरांनी सांगितलं म्हणून हे खरं नाही हं,” ती म्हणायची, “आपण दाखवलं म्हणून खरं.”

मग एका मुलीचं लग्न ठरलं, वर्गात संख्या कमी भरली आणि मास्तर यायचे थांबले. उरलेल्या मुली घरगुती गणितात गेल्या. पडद्याला कापड किती लागेल, दहा माणसांना पीठ किती पुरेल. ताईने काही दिवस कापड मोजलं आणि एके सकाळी म्हणाली, मी नाही जात आता शाळेत. घरच्यांना आयतंच झालं. तिचंही लग्न लावून दिलं. पहिल्या बाळंतपणात ती गेली. घरात रडारड झाली, मग हळूहळू तिचं नाव निघेनासं झालं. फरशीवरचे डाग आईने केव्हाच घासून काढले होते.

धाकटी शिकली आणि याच शाळेत गणिताला लागली. गणित शिकवणारी शाळेतली पहिलीच बाई. तेव्हा पालक वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहायचे, बाईमाणसाला हे खरंच येतं का बघायला. पहिल्याच दिवशी तिने मुली मोजल्या आणि एक जास्त भरली. ती कोण, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. बाई भूतबीत मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना कधी भीती वाटली नाही, उलट फार बरं वाटायचं. अवघड गणित फळ्यावर मांडताना पाठीमागे कुणीतरी आपल्याआधीच उत्तराला पोचलंय असं वाटायचं आणि हात भरभर चालायचा. त्या सोबतीवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती.

पण मेलेलं माणूस पटावर धरत नाहीत. आणि जिवंत मुलगी वर्गातून उठून गेली, तरी आपल्याला तिची उणीव भासली नाही. हे बाईंना आज फार लागलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि तशाच घड्याळवाल्याकडे निघाल्या.

पुढे दुकान, मागे घर. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकला होता.

“या बाई. घड्याळ बंद पडलं का?”

“घड्याळ चालू आहे. वर्ग बंद पडतोय. मुलीला परत पाठवा.”

त्याने भिंग काढलं नाही. “माझा शिक्षणाला विरोध नाही, बाई. पण तुमचा तास शेवटचा. तेव्हाच हिची आई दवाखान्यात कामावर निघते. आमची म्हातारी अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ कोणी बसायचं? मी गिऱ्हाईक सोडून उठू? आणि घरगुती गणित काय वाईट आहे? शेवटी पोरीच्या जातीला लागतं तेच.”

“तुम्ही हे काम शिकलात तेव्हा तुम्हाला कुणी म्हणालं होतं का, की नुसती वेळ बघता आली की बास?”

घड्याळवाल्याला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. आतल्या दाराची चौकट धरून मुलगी उभी होती. तिने एकदाच बाईंकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. तेवढ्यात आतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

“जाऊ दे रे तिला! मी काय कुठं पळून जातेय?”

“आई, तू गप्प पड. परवा पाणी घ्यायला उठलीस आणि आपटलीस ना?”

“आपटले तर आपटले. मेले का?”

“त्यांना एकटं ठेवूच नका,” बाई म्हणाल्या. “मी वर्ग सकाळी घेते. शाळा भरायच्या आधी. तेव्हा हिची आई घरी असते ना?”

“असते.”

“मग झालं तर.”

आता मात्र त्याने भिंग काढलं. “आणि बाकीच्या पोरी? त्या येतील एवढ्या सकाळी?”

“त्यांचं मी बघते.”

“एका पोरीसाठी एवढा खटाटोप, बाई?”

“वर्ग एकीवाचूनच बंद पडतो,” बाई म्हणाल्या. “माझ्या बहिणीचा असाच पडला होता.”

“मग काय करतात त्या आता?”

“ती नाही.”

घड्याळवाला हातातलं भिंग खाली ठेवून उठला. मग मुलीकडे वळून म्हणाला, “ऐकलंस ना? सोमवारी लवकर उठ. हाक मारायला मी येणार नाही.”

सोमवारी मावशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत, उजाडायच्या आत कुणाला गणितं सुचतात म्हणून पुटपुटत, वर्ग उघडून गेली. मुली जांभया देत आल्या. रुसून आल्या, केस अर्धवट विंचरून आल्या, पण आल्या. घड्याळवाल्याची मुलगी सगळ्यांत शेवटी धावत आत शिरली. तिच्या जुन्या जागेवर आता दुसरीच बसली होती. ती बाकांमधून मागे मागे गेली आणि खिडकीच्या टोकाशी थांबली.

“बाई, इथं कुणी बसतं का?”

नको, तिथे नको, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलगी दप्तर छातीशी धरून वाट बघत होती. धावल्यामुळे तिला धाप लागली होती.

“नाही,” बाई म्हणाल्या. “बस तिथं.”

मुख्याध्यापिकांनी आधी कळवून ठेवल्यामुळे साहेबही सकाळीच आले. दारातूनच त्यांनी पेनाच्या टोकाने मुली मोजल्या. “बारा. ठीक आहे, चालू द्या.” सगळं एवढ्यात आटोपलं. त्यांच्यामागून जाताना मुख्याध्यापिकांनी बाईंचा हात गच्च दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“वाचलो, बाई. आता तुम्हीही एकदा मोजून घ्या.”

बाईंनी मोजलं. भिंतीकडून सुरुवात केली, खिडकीशी संपवलं. तेरा व्हायला हव्या होत्या. बारा झाल्या. त्यांनी खिडकीकडून उलट मोजलं, एकेका डोक्यावर नजर टेकवत, कुठे कुणी मान खाली घालून लिहितंय का बघत. सगळ्या मुली माना वर करून त्यांच्याकडेच बघत होत्या.

“किती?” मुख्याध्यापिकांनी दारातून हसत विचारलं.

“बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या.

दार लागलं. बाई फळ्याकडे वळल्या. त्यांनी खडू उचलला आणि डाव्या कडेपासून एक रेषा काढायला घेतली. सावकाश, हात न उचलता, थेट उजव्या कडेपर्यंत. रेषा संपली तरी त्यांनी तोंड वळवलं नाही. मुलींना वाटलं, आज भूमिती दिसते. त्यांनी आवाज न करता कंपासपेट्या उघडल्या आणि त्या वाट बघत बसल्या.