नळाला बांधलेलं फडकं

चमचा ओठांना लागायच्या आतच त्याने तिच्या हाताला झटका दिला आणि पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. त्याचा गळा आवळून आला, डोळे विस्फारले, तोंडातली लाळ तिच्या हातांवर उडाली. इस्त्रीवालीने चमचा पुन्हा पेल्यात बुडवला. एक घोट घशाखाली उतरला की नवऱ्याचं सगळं सुरळीत होईल, असं ती सकाळपासून मनाशी धरून बसली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिला चमच्याचा होता.

"पाणी नका पाजू त्यांना," सिस्टर दारातून म्हणाली. "पेलाही बाहेर ठेवा. नुसता दिसला तरी त्रास होतो."

तिने पेला बाहेर नेऊन ठेवला. या माणसाचा जन्म पाण्यात गेला होता. हॉटेलांच्या चादरी हौदात तुडवून तुडवून त्याच्या पायांना कायमच्या चिखल्या झाल्या होत्या. त्याला पेलाभर पाण्याची धास्ती बसेल असं कुणी सांगितलं असतं, तर तिने सांगणाऱ्याला वेड्यात काढलं असतं.

कुत्रं तसं ओळखीचंच होतं. लॉन्ड्रीच्या भट्टीशी उबेला येऊन निजायचं, पावाच्या कडा खायचं. दोन महिन्यांपूर्वी एक दिवस ते धुतलेल्या चादरींच्या ढिगावर जाऊन बसलं, आणि नवरा त्याला उठवायला गेला तर त्याच्या पोटरीलाच दात लावून पळालं. दोन ठिपके, थोडंसं रक्त. तो लगेच नळाकडे वळला होता. तिनेच त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

"ओलं नका करू. चिघळेल."

लॉन्ड्रीतला तो नियमच होता. सोड्याच्या पाण्याने चिघळलेले हात तिने लहानपणापासून पाहिले होते. जखम झाली की पाणी नाही, साबण नाही, कोरडं फडकं बांधायचं. तिने पांढऱ्या कापडाची पट्टी फाडली, तिच्यावर कडक इस्त्री फिरवली आणि गरम गरम बांधली. साबणाच्या वड्यांचं खोकं तिथेच, हाताशी होतं.

"दवाखान्यात जाऊन येऊ का?" त्याने विचारलं होतं.

"एवढ्याशा दाताला? आपलंच तर कुत्रं आहे. चादरी संध्याकाळी जायच्यात."

पुढे कुत्रं दिसेनासं झालं. दुसरीकडे ऊब मिळाली असेल, असं म्हणून दोघांनी विषय सोडून दिला. जखम तर अशी झकास सुकली की तिला स्वतःच्याच हातगुणाचं कौतुक वाटलं होतं.

आज डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, चावल्या चावल्या साबणाने, वाहत्या पाण्याखाली पाव तास धुवायला हवं होतं. त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू करायला हवी होती. आता लक्षणं दिसल्यावर फारसं काही हातात राहत नाही. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"हात बघू तुमचे," सिस्टर म्हणाली. इस्त्रीवालीने हात पुढे केले. तळव्यांना, बोटांच्या पेरांना भेगाच भेगा होत्या. "यांतून लाळ गेली असेल. बाहेरच्या नळावर साबणाने धुवा, चांगला पाव तास. मग तुम्हालाही इंजेक्शनं घ्यायचीत."

"माझं राहू द्या."

"राहू द्या काय?"

"मीच धुऊ दिलं नाही त्यांना. आता मी कोणत्या तोंडाने धुऊ?"

खाटेवर हालचाल झाली. दोन झटक्यांच्या मधे तो पूर्वीसारखाच भानावर असायचा.

"अगं," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "पोर शेजारच्या काकूंकडे बसलीय. तिला आणायला कोण जाणार?"

ती खाटेच्या कडेला बसली.

"लग्न झाल्यापासून तुझंच ऐकत आलो. आज माझं एक ऐक. हात धू. आणि पट्टीचं पोरीला सांगू नकोस."

ती उठली. नळ दाराला लागूनच होता. तिने तो सोडला, धार स्टीलच्या बेसिनवर वाजली, आणि आतून त्याचा गळा आवळल्यासारखा आवाज आला. तिने घाईने नळ बंद केला.

दुसरा नळ खालच्या मजल्यावर होता. तेवढं लांब जायला तिचं मन होईना.

पोर तान्ही होती तेव्हा दुपारी नळाच्या आवाजाने दचकून उठायची. मग त्यानेच नळाला फडकं बांधायची युक्ती काढली होती. तिने कमरेचा रुमाल काढला, तसाच नळाच्या तोंडाला बांधला, टोक बेसिनच्या तळाला टेकवलं आणि नळ हलकेच सोडला. पाणी फडक्यावरून निमूट खाली उतरलं. तिने कान दिला. आत शांतता होती.

फडक्यावरून उतरणाऱ्या पाण्याखाली तिने हात धरले आणि साबण लावला. भेगांमध्ये तो झोंबला, म्हणून तिने आणखी जोराने चोळला. दुसऱ्यांचे डाग काढायला तिला कधी वेळ लागला नव्हता. ती रडत होती, पण हात थांबवले नाहीत, कारण आज त्याचं ऐकायचं होतं.

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आली आणि तिने आपल्यामागे दार ओढून घेतलं.

"झाला असेल ना पाव तास?" इस्त्रीवालीने दबक्या आवाजात विचारलं.

सिस्टरने नळाचं फडकं सोडलं, पिळलं, खिडकीच्या गजावर टाकलं आणि नळ पूर्ण सोडला. पाणी बेसिनवर धो धो आपटायला लागलं. इस्त्रीवालीने घाबरून दाराकडे पाहिलं.

आतून काहीच आवाज आला नाही.

"अजून थोडं धुवा, ताई," सिस्टर म्हणाली.

तिने हात पुन्हा धारेखाली धरले.