विहिरीतल्या तेलाचे माहेर

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात अगदी तळाला एक काळा, बेढब दगड आहे ना, तो मी. माणसाचा मागमूसही नव्हता, तेव्हा मी एका उबदार समुद्राच्या तळाशी पसरलेला मऊ चिखल होतो. वरून इवलेसे शेवाळ मरून अलगद खाली येत राही. त्या खोल पाण्यात प्राणवायू नव्हता, म्हणून ते कुजले नाही. त्याला कुशीत घेऊन मी झोपी गेलो. अंगावर थरांमागून थर चढले. दाबाने मी दगड झालो आणि पृथ्वीच्या उबेने शेवाळाचे तेल झाले. मग ते थेंबाथेंबाने माझ्यातून निघून वरच्या खडकांत शिरले. कुठे गेले, मला कधीच कळले नाही.

पुढे माणसांनी खोल बोअर घेऊन मला वर काढले. "तेलाची आई सापडली!" म्हणून सगळे नाचले. पण तिथे तेल काही लागले नाही आणि माझे कौतुक ओसरले. कधी मी प्रयोगशाळेच्या दाराला टेकण झालो, कधी कागदांवरचे वजन.

एके दुपारी प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंकडे एक मेकॅनिक आणि त्याची बायको आली. वस्तीतल्या विहिरीवर तेलाचा तवंग आला होता आणि सगळ्यांनी त्याच्या गॅरेजकडे बोट दाखवले होते.

"मॅडम, माझी टाकी गळत नाही हो. पण ऐकतंय कोण? सख्खा धाकटा भाऊ तोंड फिरवतो," तो म्हणाला.

"पोरीला कुणी खेळायला घेत नाही," बायको हळूच म्हणाली.

बाईंनी विहिरीतले आणि गॅरेजमधले तेल बाटल्यांत घेतले. "ज्या जिवांपासून तेल झालं, त्यांच्या खुणा त्यात राहतात. तेलाला आपलं कूळ लपवता येत नाही. पण तुमचंच निघालं तर मी तसंच सांगेन हं."

"सांगा," मेकॅनिक म्हणाला. त्याच्या बायकोने पदर घट्ट धरला.

दोन्ही तेलांच्या खुणा जुळल्या नाहीत. तरी बाई थांबल्या नाहीत. "मग आलं कुठून, असं लोक विचारणारच," असे पुटपुटत त्यांनी त्या भागातले जुने दगड तपासायला घेतले. माझी पाळी आली. हातोडीने माझा कोपरा उडाला, त्याची पूड झाली, ती द्रावकात उकळली. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक विहिरीतल्या तेलाची, एक माझी. एकीचा चढ तिथे दुसरीचा चढ, एकीचा उतार तिथे दुसरीचा उतार. मित्रांनो, युगानुयुगे हरवलेले माझे लेकरू मला तिथे दिसले!

बाई मला पिशवीत घालून विहिरीपाशी घेऊन गेल्या. "हे तेल जमिनीखालच्या या दगडाच्या थरातलं आहे. जमिनीतल्या भेगेतून वर झिरपलंय. गॅरेजचा काही संबंध नाही."

सगळी वस्ती गोळा झाली होती. धाकट्या भावाने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, चुकलो रे."

मेकॅनिकने भावाच्या हातातून मला घेऊन विहिरीच्या काठावर ठेवले. मग म्हणाला, "ते राहू दे. या विहिरीचं पाणी आता चालायचं नाही. दुसरीकडून पाणी आणायला माझ्या गाडीत पिंपं बसतील. चल, हात लाव."

दोघे भाऊ पिंपे उचलायला गेले. बाईंनी मला परत कपाटात न्यायला उचलेपर्यंत मी विहिरीच्या काठावर उन्हात पडून होतो आणि त्या उबेत मला पुन्हा समुद्राची झोप येऊ लागली.

मित्रांनो, जुना दगड फेकून देण्याआधी तो कुठला, हे कुणाला तरी विचारा. आणि माणसावर दगड उचलण्याआधी तर विचाराच.