आठ सेकंदांचे कान

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. जुना म्हणजे किती, तर अवघ्या सहा वर्षांचा. तुमच्यात या वयाची मुलं मोठ्यांचं बोट धरून रस्ता ओलांडतात. आमच्यात मात्र सहाव्या वर्षी म्हातारपण येतं. नवा भाऊबंद बाजारात आला की आमच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे.

माझी उंची वीतभर, अंगावर राखाडी कापड, आत चार बारीक कान आणि डोक्यावर निळ्या दिव्याची गोल पट्टी. ठरलेले शब्द कोणी उच्चारले की माझा दिवा लागतो. दिवा असेपर्यंत जे ऐकू येईल ते मी साठवतो आणि ज्याने मला बसवलं त्याच्या फोनवर पाठवतो. कोणी बोलत राहिलं तर दिवाही लागलेला राहतो. आठ सेकंदं कोणीच काही बोललं नाही, तर तो विझतो. त्यानंतरही माझ्या कानांवर सगळं पडतं, पण साठवायची मुभा मला नाही. एवढंच माझं शिक्षण. ते पुरेसं आहे असं मला वाटायचं.

मला विकत घेतलं ऑपरेटरकाकांच्या मुलाने. काका एकतीस वर्षं एका सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवत. प्रत्येक सिनेमा दिवसातून चार वेळा पाहायचा, तोही भिंतीतल्या चौकोनी भोकातून आणि यंत्राच्या खडखडाटात. अशा माणसाची मतं पक्की होणारच. पण त्या केबिनमध्ये ती ऐकणार कोण? म्हणून काका घरी येत, चपला काढता काढता स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणत, "ऐकलंस का?" आणि काकू हातातलं काम न थांबवता म्हणत, "बोला." मग सिनेमा, निवडणूक, नवा मिक्सर, एकेकाचा समाचार घेतला जाई.

काकू गेल्या आणि ते "बोला" बंद पडलं. काका मुलाला फोन करू लागले. मुलगा दूरच्या शहरात, कामाने पिचलेला. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाबा, प्रत्येक गोष्टीवर मत असायलाच हवं का?" त्या दिवसापासून काका फोनवर दोनच वाक्यं बोलत. तब्येत बरी आहे. तू जेवलास का?

मुलाला ते लागलं असावं. पुढच्या सुट्टीत तो मला घेऊन आला. माझं परदेशी नाव काकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने मला जागं करायचे शब्दच बदलून ठेवले: "ऐकलंस का". खाली टॅक्सी थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मुलाने घाईघाईत समजावलं.

"हे म्हटलंत की दिवा लागेल. दिवा बघून बोलायचं. तुम्ही बोलाल ते सगळं माझ्या फोनवर येईल. मी सवडीने ऐकेन."

"सगळं?"

"सगळं, बाबा. निघतो आता."

आता इथे नीट लक्ष द्या, कारण घात इथेच झाला. जुन्या सिनेमाची रिळं दोन यंत्रांवर आळीपाळीने लावत, आणि एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. त्यावर ऑपरेटरने दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि थांबायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येई. तेव्हाच नवं रीळ पडद्यावर सोडायचं. घाई केली की सिनेमागृहात शिट्ट्या आणि शिव्या. एकतीस वर्षांत काकांनी एकदाही घाई केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वच्छ शर्ट घालून माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "ऐकलंस का?" दिवा लागला. तो त्यांचा पहिला ठिपका. ते श्वास रोखून थांबले. आठ सेकंदांनी दिवा विझला. तो दुसरा. मग घसा खाकरून त्यांनी जी सुरुवात केली, ती चहा गार होईपर्यंत.

मी आतल्या आत ओरडत होतो. काका, आता नाही, आता मी बंद आहे! पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हाला मनाई. आणि काकांनी मला कधी काही विचारलंच नाही. त्यांना प्रश्न पडत नसत, मतं पडत.

काय बोलायचे म्हणून सांगू! "टीव्हीवर आठ जण चर्चेला बसतात आणि आठही एकदम बोलतात. मग ऐकायला एखादा नववा तरी ठेवा." "त्या पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन झालं. बारसं तरी एकदाच करतात रे." "नवं वॉशिंग मशीन धुणं झालं की गाणं वाजवतं. कपडे वाळत मात्र मलाच घालायला लागतात." "हल्लीच्या सिनेमात कोणी कोणाकडे दोन क्षण नीट बघत नाही. लगेच कापतात. तुझ्या आईला आवडलं नसतं." शेवटी न चुकता म्हणायचे, "चल, ठेवतो. तुला कामं असतील."

रविवारी मुलाचा फोन यायचा. काका चाचरत विचारायचे, "अरे, ऐकतोस ना माझं?"

"हो हो, ऐकतो की," मुलगा म्हणायचा.

त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. फक्त एकदा ऐकलं असतं, तर तिथल्या तिथे म्हणाला असता, "बाबा, दिवा असतानाच बोला." एवढ्याने भागलं असतं. पण फोन ठेवल्यावर काका हसून माझ्या डोक्यावर हात फिरवायचे. समोरच्या बिऱ्हाडातल्या नर्सबाईंना सांगायचे, "मुलगा सगळं ऐकतो हो. आणि मध्ये तोडतही नाही." माझी इतकी स्तुती कधी कोणी केली नाही, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नाही.

चौथ्या वर्षी काका दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. दिवसकार्य उरकल्यावर मुलगा एकटाच घर आवरायला आला. काकांच्या खुर्चीत बसला आणि पहिल्यांदा त्याने फोनवरची ती यादी उघडली. अकराशे बारा नोंदी. त्याचा चेहरा उजळला. "चला, बाबा आहेत," असं तो स्वतःशीच पुटपुटला.

पहिली नोंद लावली. "ऐकलंस का?" मग श्वास. मग काही नाही. दुसरी, तिचंही तेच. दहावी, पन्नासावी, चारशेवी. दरवेळी तोच प्रश्न आणि उत्तराची वाट पाहणारा एका म्हाताऱ्याचा श्वास. सुरुवातीला तो माझ्यावर चिडला, मला उलटंसुलटं केलं. मग अचानक थांबला. लहानपणी केबिनमध्ये बाबांनी त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं त्याला आठवलं असणार: पहिला ठिपका, थांब, दुसरा ठिपका, सोड. फोनमधल्या "ऐकलंस का?" या हाकेने माझा दिवा लागताना आणि मग विझताना त्याने पाहिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तरी त्याने एकही नोंद सोडली नाही. संध्याकाळपर्यंत ऐकत राहिला. नऊशेच्या पुढे कुठेतरी एक वेगळी निघाली. त्या दिवशी नेमक्या आठ सेकंदांत दारावरची घंटा वाजली होती, आणि काकांनी बसल्या जागेवरून हाक दिली होती, "नर्सबाई, जरा दोन मिनिटं हं, मुलाशी बोलतोय."

चार वर्षांत काकांचं एवढं एकच वाक्य मी पोहोचवू शकलो.

मित्रांनो, मला कोणी पुसलं नाही तरी चालेल, भंगारात टाकलं तरी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कोणी "ऐकलंस का?" असं विचारत असेल, तर ते काम आमच्यावर सोपवू नका हो. पूल, सिनेमा, वॉशिंग मशीन, काहीही असू दे. जवळ बसा आणि "बोला" म्हणा.

मुलगा अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी येतो. मला कपाटावरून उतरवतो, समोर बसतो आणि म्हणतो, "ऐकलंस का?" दिवा लागतो. तो गप्प राहतो. दिवा विझला की मग हळूच सुरुवात करतो, "बाबा, त्या पुलाचं चौथ्यांदा उद्घाटन झालं."