डावीकडची गायिका

मित्रांनो, मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. वजन अकरा किलो, तोंडावर सहा खटके आणि चार गोल बटणं, पाठीला गरम हवा जायला फटी. मी गात नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण लहान मुलांचा तसा गैरसमज होतो. रेकॉर्डवरून सुई जो आवाज उचलते तो इतका बारीक असतो की शेजारच्या फळीलाही ऐकू जाणार नाही. त्याला अंगात बळ देऊन स्पीकरपर्यंत पोचवायचं, एवढंच माझं काम. गाणं रंगलं की लोक गायिकेची तारीफ करतात, फार तर स्पीकरची. माझी आठवण होते ती खरखर झाली की. ही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे.

माझा जन्म एका कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर झाला. माझ्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरवरची तांब्याची तार एका बाईंनी गुंडाळली. वेढे मोजताना त्या कुणाशी चकार शब्द बोलत नसत. मधेच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, तर मुकाट्याने सगळी तार उलगडून पहिल्यापासून सुरू करत. माझी तार दुसऱ्या खेपेला गुंडाळलेली आहे. मग तपासनीसाने मला दोन दिवस सलग चालू ठेवलं, डोक्यावर हात ठेवून किती तापलो ते पाहिलं आणि खोक्यात बंद केलं.

दुकानात मला निवडलं ते बाबांनी. बाबा म्हणजे पुस्तकं बांधणारे बाइंडर. तीन शनिवार ते एकच रेकॉर्ड काखेत मारून आले, तेच गाणं लावून डोळे मिटून बसले आणि काहीही न घेता घरी गेले. दुकानदाराला ते गाणं पाठ झालं. चौथ्या शनिवारी त्यांनी मला घेतलं आणि माझ्याबरोबर पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन छोटे स्पीकर. पुस्तकांच्या फळीसाठी बनवलेली वस्तू, म्हणजे आपल्याचसाठी बनवलेली, असं त्यांनी घरी येऊन लगेच जाहीर केलं.

घर दोन खोल्यांचं. शिवायला आलेल्या पुस्तकांच्या चळतीत मी मधोमध, एक स्पीकर या अंगाला, दुसरा त्या अंगाला, आणि समोर हाताच्या अंतरावर बाबा खळ लावत बसलेले. एकदा स्पीकरच्या तोंडावरचं कापड फाटलं. बाबांनी त्यावर पुस्तकाच्या बांधणीचं जाडजूड कापड ताणून चिकटवलं. काम असं देखणं झालं की बघत राहावं, पण गायिका उशीत तोंड खुपसून गाते आहे असं वाटायला लागलं. दोन दिवस ते मला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी चूक लक्षात आल्यावर त्यांनी ते कापड काढलं आणि पुस्तकाच्या पाठीला आतून लावतात ती जाळीदार मलमल लावली. आवाज मोकळा झाला. माझी माफी मात्र कुणी मागितली नाही.

पुढे त्याच दोन खोल्यांत लेक मोठी झाली, दाताची डॉक्टर झाली. तिच्या आईला जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. लेकीचं लग्न झालं आणि जावईही तिथेच राहायला आले, कारण बाबांना एकटं ठेवायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं. नात झाली. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. भिंगरी शाळेत जायला लागली तेव्हापासून तिला पायी पोचवायचं आणि आणायचं काम बाबांचं. वाटेत दोन मोठे रस्ते. बाबांनी तोवर धंदा बंद केला होता, बोटं चालत नव्हती. सकाळी सात वाजता बूट घालून दाराशी उभं राहायचं, यावर त्यांचा सगळा दिवस उभा असायचा.

त्याच वर्षी बाबांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना डावा कान घेऊन गेला. मला हे कळलं ते फोनमुळे. फोन वाजला, बाबांनी नेहमीप्रमाणे डाव्या कानाला लावला, चार वेळा हॅलो म्हणाले आणि ठेवून दिला. परत वाजला. या वेळी उजव्या कानाला लावला आणि बोलायला लागले. त्या रविवारी माझ्यावरची धूळ झटकताना ते माझ्याशी बोलले. तोवर कधी बोलले नव्हते.

"कुणाला सांगू नकोस. कळलं तर भिंगरीला शाळेच्या बसमध्ये घालतील."

मी कुणाला सांगणार, मित्रांनो? गुपित चार वर्षं टिकलं. दोन खोल्यांच्या घरात सगळेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की एका कानावर सहज भागतं. आणि जिथे भागत नसे तिथे बाबा मान हलवत. लेकीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचे पेशंट दिवसभर तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेले असतात; ती विचारते, दुखतंय का, थांबू का, आणि ते मान हलवतात. तेवढ्यावर उत्तर समजून घ्यायची तिला सवयच लागली होती.

मग त्याच भागात नवं घर आलं. तिथल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेला दिवाणखाना: अठ्ठावीस फूट लांब, सतरा रुंद, गुळगुळीत फरशी, एका बाजूला नुसत्या काचा. पहिल्या दिवशी माझे ते दोन छोटे स्पीकर तिथे लावले तेव्हा त्यांची पार दमछाक झाली. आवाज काचांवर आपटत होता आणि तळाचा भरीवपणा कुठच्या कुठे निघून गेला होता. या खोलीला हे पुरे पडणार नाहीत, असं जावई म्हणाले, आणि ते खरंच होतं.

जावई जमिनी मोजण्याच्या खात्यात होते. कोणतंही काम फितीशिवाय सुरू करायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी खोली मोजली, छत मोजलं, कागदावर नकाशा काढला. तीन आठवडे रोज संध्याकाळी वाचन केलं: कोणत्या स्पीकरला किती ताकद लागते, आवाज किती फुटांपर्यंत भरीव राहतो, फळीवर ठेवले तर भिंतीपासून किती सोडायचे. दुकानातून आलटून पालटून चार जोड्या घरी आणल्या. प्रत्येक जोडीला ढोलताशांची एकच दणदणीत रेकॉर्ड लावायची आणि सगळ्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहायचं. चौथ्या जोडीला फरशी हादरली. भिंगरी टाळ्या पिटत नाचली. लेकीने बाबांकडे पाहून आवडली का म्हणून विचारलं. बाबांनी मान हलवली.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. सगळे मधोमध उभे राहून ऐकत होते, पण मधोमध बसायचं कुणीच नव्हतं. बाबांची खुर्ची उजव्या टोकाला, खिडकीच्या उजेडात होती. नकाशात सोफा होता, टेबल होतं, कुंड्यासुद्धा होत्या. ती खुर्ची नव्हती.

नवे स्पीकर लांब भिंतीच्या दोन टोकांकडे, एकमेकांपासून एकोणीस फुटांच्या अंतरावर बसले. खोली मोठी, तर आवाजही मोठा पसरायला हवा, असा हिशोब. त्यांच्याबरोबर नवा अॅम्प्लिफायरही आला. जेवणाच्या डब्याएवढा, हलका, माझ्या दुप्पट ताकदीचा, तोंडावर एकच बटण. त्याच्यात दोष काढावा असं मला फार वाटलं, पण सापडला नाही. मला खोक्यात घालून भिंतीशी ठेवलं. खोक्याचं झाकण लागत नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसत राहिलं.

बाबांनी त्यांची जुनी रेकॉर्ड लावली. त्या काळच्या ध्वनिमुद्रणाला एक खोड होती: गायिकेला सगळीच्या सगळी डाव्या स्पीकरमधून ऐकवायचं आणि वाजवणाऱ्यांना उजव्यामधून. जुन्या घरात दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी, त्यामुळे कधी अडलं नाही. इथे उजवा स्पीकर बाबांच्या पुढ्यात आणि डावा एकोणीस फुटांवर, तोही गेलेल्या कानाच्या बाजूला. बाबांना वाजवणारे ऐकू आले. गायिका आली ती चार घरं सोडून पलीकडे कुणी गुणगुणावं तशी. त्यांनी आवाज वाढवला. वाजवणारे अंगावर आले, बाई तिथेच राहिली. त्यांनी उजव्या कानात बोट घालून हलवलं, पुन्हा ऐकलं, आणि रेकॉर्ड काढून ठेवली. मी त्यांचा चेहरा पाहिला. माणूस इतका घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. एक कान गेला होता. आता दुसराही चालला, असंच त्यांनी धरलं.

त्यानंतर दोन महिने त्यांनी गाणं लावलं नाही. घरातल्यांना वाटलं, वयाप्रमाणे आवड कमी झाली असेल. लेक एकदा सोफ्यावर, त्यांच्या डाव्या हाताला येऊन बसली आणि तिने विचारलं की बाबा, इथे बरं वाटतंय ना? बाबांनी मान हलवली. रोज सकाळी सातला मात्र ते बूट घालून उभे राहत, आणि निघताना भिंगरीचा हात पूर्वीपेक्षा घट्ट धरत.

अखेर मला न्यायला दुरुस्तीवाल्या बाई आल्या. जुनी यंत्रं नेऊन, दुरुस्त करून गरजूंना द्यायची हा त्यांचा व्यवसाय. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. नेण्याआधी चालतो की नाही ते बघते म्हणाल्या आणि मला खोक्यातून काढून नव्या स्पीकरना जोडलं. हाताशी लागली ती बाबांची रेकॉर्ड लावली. माझे दोन्ही भाग सारखे चालतात का हे तपासायला त्यांनी माझ्या तोंडावरचा एक खटका दाबला. त्यावर मोनो असं लिहिलेलं आहे. तो दाबला की मी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र कालवतो आणि दोन्ही स्पीकरना अगदी सारखा देतो. आमच्या घरात तो कुणी कधी वापरला नव्हता.

बाबा खुर्चीत ताठ बसले. "आली," ते म्हणाले. "गातेय ती."

बाईंनी खटका सोडला. बाबांचा चेहरा पडला. बाईंनी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आणि दोन्ही वेळा यंत्राकडे न बघता बाबांकडे पाहिलं. मग त्या उठून बाबांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि हळू आवाजात त्यांना वेळ विचारली. बाबांनी मान हलवली. वळसा घालून त्या उजव्या बाजूला आल्या आणि तेवढ्याच हळू विचारलं, "काका, किती वाजले?"

"अकरा वाजायला आले," बाबा म्हणाले.

"मग हा कान शाबूत आहे तुमचा. दुसऱ्याचं घरात सांगितलंय का?"

लेक दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं.

बाईंनी मला नेलं नाही. स्पीकर एकमेकांपासून आठ फुटांवर आणा, काचांना पडदे लावा, आणि काकांची खुर्ची कुठे आहे ते आधी बघा, एवढं जावयांना सांगून त्या गेल्या. त्या मोनोच्या खटक्यापायी मी पुन्हा फळीवर बसलो. नवा अॅम्प्लिफायर लेकीच्या दवाखान्यात गेला.

पण मित्रांनो, गोष्ट तिथे संपली नाही. त्या संध्याकाळी लेक बाबांवर भडकली.

"चार वर्षं, बाबा. चार वर्षं तुम्ही तिला घेऊन ते रस्ते ओलांडताय."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी बसने जायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा परत येणार नाही, उजव्याला काही झालेलं नाही. ही आनंदाची बातमी होती. बाबांना तिचं काय करावं ते कळलं नाही. सकाळी सातला ते बूट घालून खुर्चीत बसत आणि आठ वाजले की काढून ठेवत. मी त्यांची गायिका दोन्हीकडून वाजवत होतो, जीव ओतून वाजवत होतो. ते ऐकत नव्हते.

नवव्या दिवशी लेक आली आणि त्यांच्या उजव्या हाताला बसली. पूर्वी विचारलेलं तेच तिने परत विचारलं.

"बाबा, इथे बरं वाटतंय?"

"नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही सगळे फार लांब बसता गं. बोलताय की नुसते बसलाय, तेही कळत नाही. आणि सकाळी उठून करू काय मी?"

लेक रडली. बाबांनी तिला रडू दिलं. त्यानंतर बराच वेळ दोघं बोलत होती आणि बाबांनी एकदाही मान हलवली नाही, प्रत्येक गोष्टीला तोंडाने उत्तर दिलं.

सोमवारी बस दाराशी थांबली नाही. सात वाजता लेक स्वतः बुटांच्या कपाटाशी उभी होती. तिने भिंगरीला हाताला धरून बाबांच्या डाव्या अंगाला उभं केलं.

"या बाजूचं तू ऐकायचं," ती भिंगरीला म्हणाली. "त्या बाजूचं आजोबा ऐकतील. दोघांनी हो म्हटल्याशिवाय रस्त्यात पाऊल टाकायचं नाही."

ती दोघं गेली. लेक दारात उभी राहून पाहत होती. ती आत यायला बराच वेळ लागला.

आता या जागी माझ्यासारख्या जुन्या वस्तूने आपल्या देखभालीची विनंती करायची असते. माझ्यावरची धूळ बाबा झटकतात, त्यामुळे माझं काही अडलेलं नाही. तुमच्या घरात कुणी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत असेल, तर जागेवरून उठा, त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा, आणि तेच पुन्हा एकदा विचारा.