सरावाचा हात

"मावशी, हात सैल सोडा ना. लाकूड झालंय नुसतं."

मावशीनं हात सैल सोडला. टेबलापलीकडून तिला मावशी म्हणणारी ही मुलगी तिच्याच पोटची होती, पण पार्लरमध्ये ते दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

युक्ती मावशीचीच. लेकीला नखांच्या वर्गात घालायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली होती, "तिथं मला आई म्हणू नकोस हं. फरशी पुसणारीची पोर म्हणून कुणी जवळ बसवायचं नाही तुला." लेक लगेच "बरं" म्हणाली. इतक्या लगेच म्हणायला नको होतं, असं मावशीला वाटलं खरं. पण युक्ती आपली, तक्रार कुणाकडे करणार?

मावशी झाडलोट करायची आणि वर सरावाला हात द्यायची. शिकाऊ मुली तिच्या नखांवर जेल पॉलिश लावत, दिव्याखाली सुकवत, अ‍ॅसिटोननं काढत, पुन्हा लावत. "आमच्या मावशी म्हणजे दगड," पार्लरच्या मॅडम कौतुकानं म्हणायच्या. "हूं नाही की चूं नाही." सुरुवातीला मावशीलाही गंमत वाटायची. राणीसारखं बसायचं आणि दहा बोटं रंगवून घ्यायची! पुढे पुढे नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. गरम पाण्याचा थेंब पडला तरी कळ मस्तकात जाई. कप ती दोन्ही तळव्यांत धरू लागली. लसूण सोलायचं काम लेकीकडे गेलं. "माझ्या हातांना वास राहतो," लेक कुरकुरायची. "वर्गात मुली नाकं मुरडतात."

आज परीक्षा होती. पास होईल तिला मॅडम इथंच नोकरी देणार होत्या. बाकीच्या मुलींनी हात द्यायला आपापल्या बहिणी, मैत्रिणी आणल्या होत्या. लेकीची मैत्रीण ऐनवेळी आली नाही, तेव्हा मॅडमनी मावशीच्या हातातली बादली काढून घेतली आणि तिला खुर्चीत बसवलं. कालच्या सरावाचं लाल जेल तिच्या नखांवर होतंच.

नियम साधा होता. जेल काढून झालं की परीक्षक बाई हात देणारीला एकच प्रश्न विचारत, दुखलं का? 'हो' आलं की मुलगी नापास.

लेकीनं कानशीनं जेलचा वरचा थर खरवडला. कापसाचे बोळे अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखांवर ठेवले आणि एकेका बोटाला चंदेरी कागदाची टोपी घातली. आणि मावशीच्या बोटांत विस्तव शिरला.

नखांच्या कडांना आधी तेल लावायचं असतं, कातडी भाजू नये म्हणून. लेक विसरली होती. मावशीनं फक्त तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. लेकीनं तिची नजर कुठं गेली ते पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं. आता टोप्या सोडून पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे वेळ गेला आणि चूकही दिसली. तिनं टॉवेल नीट करायचं निमित्त करून बाटली त्याच्याआड सारली.

"टोप्या शोभतात हं मावशी," शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली. "आता बोहल्यावर उभ्या राहा."

सगळ्या हसल्या. लेकही हसली. मग मावशीही हसली, कारण हसताना डोळ्यांत पाणी आलं तर चालतं.

"आटपा, पाच मिनिटं," परीक्षक बाई म्हणाल्या.

लेकीनं टोप्या काढल्या. जेल अजून घट्ट होतं. पुन्हा भिजवायला हवं होतं, पण तिनं स्टीलची पट्टी उचलली आणि खरवडायला घेतलं. लाल कपच्यांबरोबर नखाचा पांढरा भुगाही टॉवेलवर पडू लागला. मावशीच्या पायाची बोटं चपलेत आवळली गेली. ही पोर तान्ही असताना मावशीला नेलकटरची भीती वाटायची, चिमूटभर कातडी सापडली तर? म्हणून ती झोपली की तिची इवली नखं मावशी दातांनी कुरतडून काढायची. एकेक, श्वास धरून. पोरीची झोप कधी मोडली नाही.

"झालं, बाई," लेक म्हणाली.

परीक्षक बाई जवळ आल्या. "दुखलं का?"

"नाही."

बाईंनी तिची अनामिका उचलून उजेडात धरली. "मग हे लाल कशानं?"

"घासणीचं आहे ते. भांडी असतात ना घरी."

"खरं सांगा. तिला घाबरू नका."

"तिला कशाला घाबरू, बाई?" मावशी म्हणाली. "लेकरासारखी आहे मला."

लेक टॉवेलची घडी घालत राहिली. बाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा गं. कापसासारखा हलका हात आहे या मुलीचा."

बक्षीस आपल्यालाच मिळाल्यासारखा मावशीचा चेहरा फुलला. क्षणभर बोटांतली आगसुद्धा ती विसरली.

दुपारी ती मागच्या खोलीत बादली भरत होती. दारातच मॅडम लेकीशी बोलत होत्या. "सोमवारी नव्या मुली येतायत, त्यांना तूच शिकव. सरावाला मावशीच ठेवायच्या की दुसरी कुणी बघू? नखं फार गेलीत त्यांची. झाडलोट आहेच त्यांना, त्यांचं काही अडत नाही. तू सांगशील तसं."

मावशीनं नळ बंद केला.

लेकीनं आत पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. मावशीच्या ओल्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं.

"मावशीच बऱ्या आहेत," लेक म्हणाली. "नव्या मुलींचे हात जड असतात मॅडम, दुसरी कुणी ओरडायची. यांना दुखत नाही."

"मलाही तेच वाटलं," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी बाहेर गेल्या. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मावशीनं हात पदराला टिपले, पायरीवर बसली आणि डबा मांडीवर घेतला. डब्याच्या फडक्याची गाठ सकाळी लेकीनंच बांधून दिली होती, चांगली घट्ट, सांडू नये म्हणून. मावशीनं अंगठ्यानं ती सोडवून पाहिली, मग दुसऱ्या हातानं. बोटं गाठीला टेकवेनात.

तिनं गाठ दातांत धरली आणि श्वास रोखून, हलकेच सोडवू लागली.