देव्हाऱ्याशेजारचा तानपुरा

मित्रांनो, मी एक जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. मला ना भोपळा, ना तारा. दिसायला नुसता डबा. लीलावतीबाईंनी मला जवाहर चौकातून आणलं आणि साकेत नगरच्या घरात देव्हाऱ्याशेजारी जागा दिली. मंगळवारी भजनी मंडळ जमायचं. मी सूर धरायचो, बाई डोळे मिटून गायच्या. या डब्याशिवाय मला गाता येत नाही, असं त्या सर्वांना सांगत तेव्हा मी फुलून जायचो.

साठी उलटल्यावर त्यांचा गळा वर पोचेना. एकट्या असताना त्या माझं सुराचं बटण हळूच खाली फिरवायच्या. एका मंगळवारी ते परत वर न्यायचं राहिलं. पेटी एका पट्टीत, मी दुसऱ्या. बाई गडबडल्या आणि म्हणाल्या, हल्ली हा डबाच सुरावरून सरकतो.

"लीलाताई, आता कबाडीला देऊन द्या याला," पेटीवरच्या सुशीलाताई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मी मात्र शरमेनं गुणगुणत राहिलो.

त्यांची लेक क्षितिजा इंजिनिअर. तिनं मला जेवणाच्या टेबलावर उघडलं, मोबाईलवर सूर ताडून पाहिला. दोष काही सापडेना. मग बटणच ढिलं असणार, असं ठरवून तिनं ते आईच्या जुन्या पट्टीवर आणलं आणि पक्कं चिकटवलं. बाई "छान केलंस" म्हणाल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी त्या गायला बसल्या. अंतऱ्यावर आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मी तोच सूर धरून राहिलो. मला दुसरं काही येत नव्हतं. क्षितिजा दारात येऊन उभी राहिली.

"डबा धडधाकट आहे गं," बाई म्हणाल्या. "माझा आवाज उतरलाय. चारचौघींत सांगायची लाज वाटली."

क्षितिजा खाली मान घालून बटण सोडवू लागली. ते तुटून हातात आलं. मग तिनं बटणाची उरलेली दांडी पकडीत धरली आणि हळूहळू फिरवू लागली.

"कुठे थांबू, आई?"

"अजून खाली." थोड्या वेळानं, "अजून." आणि मग, "बस."

बाई गायल्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतःच पट्टी सांगितली. सुशीलाताईंनी पेटीही त्याच पट्टीत घेतली.

आता बाई नाहीत. मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र बिघडलंय असं कुणी म्हणालं, तर पेचकस उचलण्याआधी त्या माणसाजवळ घटकाभर बसा. आम्ही यंत्रं; आम्हाला थांबता येतं.